गोरज मुहूर्तावरची तुझी मगरिब

इस्माईल,

तुला मातीत ठेवून आलो त्याला आज नऊ दिवस झाले. शेतात धान निसवायला लागलंय, लग्नसराईला अजून अवकाश आहे, आणि बँडचे लाल कोट पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून आहेत. म्हणजे तू गेलास तोही सुट्टी पाहूनच गेलास. एकाही ऑर्डरीचा खोळंबा केला नाहीस. आयुष्यभर ज्याच्यावरून मी तुझ्याशी भांडलो ते शेवटी तू ऐकलंस म्हणायचं.

तुझ्या जनाज्याच्या नमाजेला मी शेवटच्या रांगेच्याही मागे चपला काढून उभा होतो. शेजारी आपला ढोलवाला गेंदलाल. तुझी नमाज मला पाठ होती; शब्द नाही, हालचाली. तू कधी वाकणार, कधी कपाळ टेकणार, कधी बसणार, हे मी शेताच्या दुसऱ्या बांधावरून पाहून सांगू शकत होतो. त्या दिवशीही मी लोक वाकण्याची वाट पाहत उभा राहिलो. कोणी वाकलंच नाही. उभ्याउभ्याच चार वेळा अल्लाहू अकबर झालं, माना वळल्या, आणि लोकांनी तुला खांद्यावर घेतलं.

गेंदलालनं हळूच विचारलं, "झाली काय?"

"झाली वाटते."

"एवढ्यातच?"

तुझ्या मेहुण्यानं, शमीमभाभीच्या भावानं, नंतर सांगितलं की जनाज्याची नमाज अशीच असते, उभ्यानं. तुझ्या नमाजेला मी तीस वर्षं "आटप ना बे लवकर" म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जरा लांबवा रे.

पण तुझ्याबद्दल रडत लिहायचं नाही असं मी ठरवलंय. तसं लिहिलं तर तूच म्हणशील, "परसराम, सूर उतरला तुझा."

तू आलास तो दिवस आठवतो? मी गोंदियात बँडचं दुकान नुकतंच टाकलं होतं. बापाची धानाची शेती भावाच्या हवाली केली होती आणि आपण ट्रम्पेट फुंकून नाव काढणार अशी माझी ऐट होती. तू दारात उभा राहिलास. क्लॅरिनेट टॉवेलात गुंडाळलेलं. न सांगता एक गाणं वाजवलंस आणि समोरच्या पानठेल्यावरची माणसं पान तोंडात धरून इकडे वळली. मी म्हटलं, उद्यापासून ये. तू म्हणालास, "दोन गोष्टी हायेत. पत्ती मी माझी आणीन. अन् नमाजेले मले थांबवाचं नाही."

पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची बोरूची पातळ पट्टी, तेवढं मला कळलं. नमाजेचं मात्र मला वाटलं, शुक्रवारी एकदा जाईल. पहिल्याच ऑर्डरीला आमचा मेटॅडोर गोरेगावच्या पुढे निघाला आणि तू ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवलास. जोहर, दुपारची. परत येताना असर, कलत्या उन्हाची. मी बोटं मोजत विचारलं, "अजून किती हायेत?"

"दिवसाच्या पाच. सकाळची झाली, तू झोपून राहिला होतास."

तसा मी रोजच झोपलेला असायचो. तुझी फजर मी कधीच पाहिली नाही. पण बाकीच्या चारांनी मला अख्खा जिल्हा दाखवला, हे मान्य करतो. जिथे आम्ही बाकीचे बिडी पेटवायला उतरायचो तिथे तू पाणी आणि कोरडी जागा शोधायचास. त्यामुळे कुठल्या गावाची बोरिंग गोड आहे, कुठल्या शाळेचा व्हरांडा झाडलेला असतो, इटियाडोह धरणाच्या कालव्याला कुठे पायऱ्या आहेत, हे तुझ्यासोबत मलाही कळत गेलं. धान कापलेल्या बांधीत तू चटई टाकायचास तेव्हा खुंट टोचू नयेत म्हणून गेंदलाल आधी तणस अंथरायचा. पश्चिम कुठली, हे तर मी कुठल्याही गावात डोळे मिटून सांगू लागलो. लग्नघरातले लोक मला मुहूर्त विचारायचे आणि मी दिशा सांगायचो.

सालेकसाकडची ती म्हातारी आठवते? बँडमधला एक माणूस देवाचं करतो म्हटल्यावर तिनं लगबगीनं अंगणाचा एक कोपरा तुझ्यासाठी शेणानं सारवला. हिरवागार, ओला. आणि हात जोडून म्हणाली, "बसा जी, तुमच्यासाठीच सारवला." तुला तर कोरडी, पाक जागा लागायची. मी पाहत होतो, आता हा काय बोलतो. तू तिच्या पाया पडण्यापुरता वाकलास आणि म्हणालास, "माय, एवढ्या सुंदर जागेवर माझे पाय उमटतील. मी बाजूले उभा राहातो." आणि खळ्यात जाऊन चटई टाकलीस. म्हातारी दिवसभर सगळ्यांना सांगत होती, किती मान देते तो पोरगा! तेव्हा तू चाळिशीला आलेला होतास.

हे सगळं सुखाचं होतं. भांडण फक्त मगरिबचं.

सूर्य बुडाला की तुझी मगरिब, आणि त्याच घटकेला गोरज मुहूर्त. गायी घरी येतात ती वेळ लग्नाला शुभ, म्हणून अर्ध्या लोकांना गोरजच पाहिजे. आणि मगरिबची वेळ इवलीशी. तुला ती सुरुवातीलाच पढायची असायची. इकडे भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला आलेले, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि माझा क्लॅरिनेटवाला बोरिंगवर चुळा भरतोय. तू नसलास की चाल मला ट्रम्पेटवर उचलावी लागायची. माझी चाल ऐकून नवरदेवाचा घोडा बिथरायचा असं गेंदलाल म्हणतो. तो काही खोटं बोलत नाही.

मग तू एकदा मला सांगितलंस की प्रवाशाला नमाजेत सवलत असते. ठरावीक अंतराच्या पलीकडे गेलं की चार रकातींच्या, म्हणजे उभं राहून वाकण्या-टेकण्याच्या फेऱ्यांच्या, दोनच होतात. मी खूश झालो.

"मंग मगरिबच्या किती होते?"

"तीन."

"अन् प्रवासात?"

"तीनच."

"काऊन बे? सगळ्याले सवलत अन् मगरिबलेच काऊन नाही?"

"तीनाचे आधे कसे करू, तूच सांग."

मी म्हटलं, मग पुढच्या नमाजेसोबत जोडून घे, काही लोक घेतात म्हणतात. तू म्हणालास, घेतात, पण तुझ्या घरात शिकवलेलं तसं नाही. हा वाद आपण कितीदा घातला! आणि त्याला चिकटून दुसरा वाद, की देवरी हा प्रवास धरायचा की नाही. आपल्या देवरीकडच्या ऑर्डरी नेमक्या त्या अंतराच्या रेषेवर. तू म्हणायचास, अंतर गावाच्या शेवटच्या घरापासून मोजायचं. मी म्हणायचो, गोंदियाचं शेवटचं घर दरवर्षी पुढे सरकून राहिलं, तुझी सवलत एक दिवस जाणार. मेटॅडोरचा मीटर बंद, त्यामुळे वाद कधी सुटला नाही. नाही सुटला तेच बरं झालं. लांबच्या रस्त्याला आपल्याला बोलायला काहीतरी पाहिजे होतं.

एकदाच मी तुला टोचेल असं विचारलं होतं. "तुमच्यातले काही लोक म्हणतात, वाजवणं बरं नाही. मंग तू वाजवतोस बी अन् पढतोस बी, ते कसं?" तू पत्ती चोखून ओली केलीस. मग म्हणालास, "ते माझ्यात अन् त्याच्यात हाये. तू तुझा ट्रम्पेट पूस." मी पुसला. पुन्हा विचारलं नाही.

आता ती गोष्ट. ती मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

अर्जुनी मोरगावकडचं लग्न होतं, प्रतापगडच्या पायथ्याशी. गडाच्या मागे सूर्य लवकर लपतो, त्यामुळे खरा कधी बुडाला ते कळत नाही. तेव्हा मोबाईल नव्हते. तू घड्याळ वापरत नव्हतास; वाजवताना मनगट जड होतं म्हणायचास. वरात रंगात आली होती, नवरदेवाचे मामे नाचत होते, आणि तू मला खुणेनं विचारलंस, किती वाजले. मी मनगट पाहिलं. वेळ झालेली होती. आणि मी बोटांनी खूण केली, अजून वीस मिनिटं.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि वाजवत राहिलास. काय वाजवलंस त्या दिवशी! मांडवाच्या दाराशी पोचलो तेव्हा वर चांदण्या लागल्या होत्या. तू आभाळाकडे पाहिलंस. मग माझ्या मनगटाकडे. अक्षता पडल्या, तू चाल पूर्ण केलीस, आणि मेटॅडोरच्या मागे जाऊन चुकलेली नमाज पढलीस. मी तिकडे पाठ करून ट्रम्पेटच्या बटनांना तेल देत बसलो. त्यांना तेलाची काही गरज नव्हती.

परतताना तू आमच्यात मागे बसला नाहीस. पुढे ड्रायव्हरजवळ बसलास.

तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. पण पुढच्या ऑर्डरीला तू एक भलंमोठं घड्याळ घालून आलास, आणि तेही कोटाच्या बाहीवरून, सोनेरी पट्टीच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. गेंदलालनं विचारलं, "भाई, हे काय नवीन?" तू म्हणालास, "फॅशन." आणि माझ्याकडे पाहून हसलास. त्या हसण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खोटं बोललो होतो, इस्माईल. त्या मामांच्या नाचासाठी. माफ कर.

त्यानंतरच्याच मोसमातलं ते देवरीपलीकडचं लग्न. ते गाव पार छत्तीसगडच्या सीमेला टेकलेलं. नवरीचा बाप धिप्पाड माणूस, धानाचा मोठा शेतकरी. आम्ही उतरल्या उतरल्या त्यानं मला बजावलं, "सावधान म्हटल्याबरोबर बँड वाजला पायजे. एक सेकंद इकडे तिकडे नोको. मागच्या लग्नात तुमच्यासारख्याच एका बँडनं नाक कापलं आमचं."

मी म्हटलं, "तुम्ही बेफिकीर राहा जी."

वरात तासभर उशिरा आली. अंतरपाट धरला तेव्हा सूर्य बुडाला होता. तू बाहीवरचं घड्याळ मला दाखवलंस.

"परसराम, टाईम झाला. जाऊन राहिलो."

"अबे, चार मंगलाष्टकं राहिली फक्त."

"सात मिनिट. बस."

तू गेलास. मांडवामागे बोडी होती, गावचं लहानसं तळं. तिच्या काठावर तुझी चटई मला मांडवाच्या फटीतून दिसत होती. भटजींचा आवाज चांगला पण घाई फार. चारपैकी तीन त्यांनी पाहता पाहता संपवली. तू नुकता उभा राहिला होतास. चौथं सुरू झालं. तू वाकलास, टेकलास, दुसऱ्या रकातीसाठी उभा राहिलास. मी हिशेब केला. पहिली झाली, अजून दोन बाकी, आणि भटजी "शुभमंगल"वर येऊन ठेपले. नवरीचा बाप माझ्याकडे बघत होता. गेंदलालनं ढोलाची काठी उचलली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मास्टर, आता काय कराचं?"

मला प्रतापगड आठवला. दुसरं काही नाही. मी ट्रम्पेट खाली ठेवला, तीन ढांगांत मांडवात गेलो आणि भटजींच्या समोरचा माईक धरला.

"एक आमच्या बँडकडून!"

मला एकही मंगलाष्टक येत नव्हतं. तोंड उघडलं आणि जे दिसलं ते त्या चालीत म्हणत सुटलो:

*आले हे नवरे घरी सजुनिया, गाडीत बैसूनिया*
*झाला वेळ बहू तरी न कळला कोणास काही इथे*

मांडवातल्या माना माझ्याकडे वळल्या. मग बायकांच्या बाजूनं खुसखुस सुरू झाली. अंतरपाटाच्या वर नवरीच्या मुंडावळ्या हलताना दिसल्या. ती हसत होती. नवरदेव हार धरून तसाच उभा. मी फटीतून पाहिलं. तू बसला होतास, दुसरी संपत होती. अजून एक.

*मामा हो, पिवळा भला दिसतसे फेटा तुम्हाला किती*

मामा लाजला. सगळा मांडव हसायला लागला आणि नवरीचा बाप माणसं बाजूला सारत माझ्याकडे निघाला. तो माईक ओढणार एवढ्यात भटजी आडवे आले. त्यांनीही त्याच फटीतून मागे पाहिलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी पंचांग छातीशी धरलं आणि शांतपणे म्हणाले, "गोरज सरली नाही अजून. म्हणू द्या त्यांना."

*ताटी वाढुनि भात गार पडला, थांबा जरासे तरी*

ही ओळ मी तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा तर भटजीही सुरात मिळाले. तू मान उजवीकडे वळवलीस, मग डावीकडे, आणि मी फुटक्या आवाजात ओरडलो, "शुभ मंगल सावधान!"

तू धावत आलास. बाह्या ओल्या, पँट घोट्यावर दुमडलेली, पत्ती दातांत. क्लॅरिनेट कधी ओठाला लागलं ते कळलंच नाही. अक्षता हवेत होत्या तेव्हाच तुझा सूर निघाला. आणि तो असा निघाला, की माईक हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो, ट्रम्पेट उचलायचं भान नाही. तुझ्या ओल्या दाढीला पिवळे तांदूळ चिकटले होते. तू ते पुसले नाहीस. वाजवत राहिलास.

पंगतीआधी नवरीच्या बापानं मला गाठलंच.

"कोणं सांगितलं होतं तुले गायाले? हसं केलं तू आमचं!"

मी काही बोलायच्या आत तू पुढे झालास. "माझ्यासाठी गायला जी. माझी नमाज राहिली होती. बोलाचं तं मले बोला."

तो तुझ्याकडे पाहत राहिला. तुझ्या दाढीत अजून तांदूळ होते. मग तो माझ्यावरच उखडला, "मंग पयलेच नाही सांगाचं? आमच्या महाराजानं दहा म्हटली असती! तुह्या त्या गळ्यातून कायले काढली?" आणि तुला दंडाला धरून पंगतीत स्वतःच्या शेजारी नेऊन बसवलं. आम्ही बाकीचे शेवटच्या पंगतीला बसलो.

त्या लग्नानंतर देवरीकडच्या ऑर्डरी वाढल्या. लोक विचारायला यायचे, "तोच बँड ना, नमाजवाला?" ते भटजी दुसऱ्या गावांतल्या लग्नातही भेटायचे आणि सुरुवातीलाच तुला विचारायचे, "भाई, आज केव्हाची?" मग त्या अंदाजानं मंगलाष्टकं पुरवून म्हणायचे. तुझ्या मगरिबवरून मी नंतर कधी कुरकुरलो नाही असं नाही. कुरकुरलो. ती माझी सवय होती आणि तुला ती ऐकायची सवय होती.

त्या लग्नाच्या रात्री परतताना देवरीच्या अलीकडे हायवेवर आपण चहाला थांबलो. तू इशाची, म्हणजे रात्रीची नमाज पढायला बाजूच्या बांधीत गेलास. प्रवास होता म्हणून दोनच रकाती, पण नंतर हात पसरून बराच वेळ काहीतरी मागत बसलास. आम्ही सगळे चहाचे ग्लास धरून तुझी वाट पाहत होतो. प्रतापगडनंतर तू पहिल्यांदाच मागे आमच्यात येऊन बसलास, अगदी माझ्या मांडीला मांडी लावून.

मी विचारलं, "एवढं काय मागितलंस बे? सवलतीच्या नमाजेत एवढी लंबी दुआ?"

तू चहाचा घोट घेतलास. गंभीर चेहरा केलास. म्हणालास, "तुह्यासाठीच मागून राहिलो होतो. म्हटलं, या अल्लाह, या माणसाले शेती दे, ऑर्डरी दे, लेकरंबाळं दे, शंभर वर्षं दे. पण याच्या हाती माईक नोको देऊ."

गेंदलालचा चहा नाकातून बाहेर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आपण सगळे इतके हसलो की चहावाला बाहेर येऊन पाहायला लागला.

इस्माईल, त्या दिवसापासून आजपर्यंत एकाही मांडवात मला कोणी माईक दिलेला नाही. मी दोनदा मागून पाहिला, तरी नाही. म्हणजे तुझं वर ऐकत होते.